पेंढ्यातली साखर

भाताच्या पेंढ्यात साखर असते असं मी म्हटलं तर तुम्हाला वाटेल, आबा थट्टा करतायत. थट्टा नाही, पोरांनो. वाळलेल्या पेंढ्याचं वजन केलं तर त्यातला साधारण तिसरा हिस्सा सेल्युलोज नावाच्या पदार्थाचा भरतो, आणि सेल्युलोज म्हणजे निव्वळ ग्लुकोज. आजारी माणसाला सलाईनमधून चढवतात तेच. कोळवणच्या खोऱ्यापासून ताम्हिणीपर्यंत मळणी झाली की खळ्याशेजारी उडव्या रचलेल्या दिसतात ना, त्या प्रत्येक उडवीत क्विंटलांनी साखर अडकून पडलेली असते.

मग काडी चावली तर गोड का लागत नाही? बरोबर विचारलंस. आधी एक सोपा प्रयोग कर. दुपारच्या भाताचा घास तोंडात घे, गिळू नकोस, नुसता चावत राहा. थोड्या वेळानं तो गोडसर लागायला लागेल. भातातला स्टार्चही ग्लुकोजचाच बनलेला असतो. आपल्या लाळेत अमायलेज नावाचं एन्झाइम असतं. ते स्टार्चचे तुकडे पाडतं आणि जिभेला गोडी कळते. एन्झाइम काही जिवंत नसतं. ते एक प्रथिन असतं, आणि त्याला एकच काम येतं: ठरलेला जोड शोधायचा आणि तोडायचा. दुसऱ्या जोडाला ते हातही लावत नाही.

स्टार्चमधले ग्लुकोजचे कण आणि सेल्युलोजमधले कण अगदी एकच. फरक आहे तो एकमेकांना जोडण्याच्या पद्धतीत. एवढ्याशा फरकानं तांदूळ आपलं अन्न झाला आणि पेंढा आपल्याला पचेनासा झाला. सेल्युलोजचा जोड तोडणारं एन्झाइम माणसाच्या शरीरात बनतच नाही.

हा जोड एकटा असता तरी एक वेळ निभलं असतं. पण सेल्युलोजची ठेवणच मोठी बंदोबस्ताची आहे. भारा बांधायला पेंढ्याचीच दोरी वळतात, ती डोळ्यांपुढे आणा. एकेक काडी सहज मोडते, पीळ घालून दोरी वळली की अख्ख्या भाऱ्याचं ओझं पेलते. ग्लुकोजचे हजारो कण एकापुढे एक जोडून साखळी होते. अशा साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगून तंतू होतो. तंतूंभोवती हेमिसेल्युलोज नावाच्या दुसऱ्या साखरांचं वेढण, आणि या सगळ्यावर लिग्निनचा चिवट लेप. लिग्निन ही साखर नव्हे. झाडाला ताठ उभं ठेवणारा आणि किडीपासून राखणारा तो पदार्थ. भातानं यावरही कडी केली आहे. जमिनीतून सिलिका, म्हणजे वाळूतलंच द्रव्य, शोषून तो पानापानांत साठवतो. पेंढ्यात लोळून आलात की अंगाला खाज सुटते आणि पानाच्या कडेनं बोट चिरतं, ते या सिलिकामुळे.

आता इतक्या बंदोबस्तातली साखर काढून घेणारा जीव कोण? तो दाखवायला मला लांब जावं लागत नाही. पावसाळ्यात उडवीच्या तळाची, जमिनीला टेकलेली पेंढी उलटून बघा. वरची काडी पिवळी आणि कडक, तळची करडी पडलेली. काड्यांमधून पांढरं जाळं पसरलेलं असतं, कुबट वास येतो, आणि काडी चिमटीत धरून दाबली तर तिचा भुगा होतो. ही बुरशी. त्या जाळ्यातला एकेक धागा आपल्या केसाच्या दहाव्या हिश्शाइतका किंवा त्याहूनही बारीक. ताम्हिणीला वर्षाला सहा हजार मिलिमीटरांच्या पुढे पाऊस पडतो. आपल्या डोंगरांत बुरशीला कशाची म्हणून वाण नाही. पहिल्या पावसानंतर उगवणाऱ्या छत्र्या म्हणजे अशाच काही जातींचं फळ. खरा जीव खाली, धाग्यांच्या रूपात, कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात.

बुरशीला तोंड नाही आणि पोटही नाही. आपण आधी गिळतो आणि मग पचवतो. ती आधी पचवते आणि मग गिळते. धाग्याच्या टोकातून ती आपली एन्झाइमं बाहेर सोडते. काडीची साखर बाहेरच सुटी होते, आणि ती पाण्यात विरघळली की धागा ती शोषून घेतो.

या कामाला एक एन्झाइम पुरत नाही, तिघं लागतात. पहिलं त्या दोरीच्या मध्येच, जिथे पीळ सैल सापडेल तिथे घाव घालतं. त्यामुळे नवी टोकं मोकळी होतात. दुसरं एन्झाइम टोक धरतं आणि साखळीवरून पुढे सरकत ग्लुकोजच्या दोन-दोन कणांच्या जोड्या काढत जातं. तिसरं त्या जोड्या फोडून सुटं ग्लुकोज करतं. गंमत पाहा, तिसरं कमी पडलं तर जोड्या साचतात, आणि जोड्या साचल्या की दुसरं एन्झाइम आपलं काम थांबवतं. कुणी एक मागे राहिला की सगळ्यांचंच अडतं.

इथपर्यंत नीट समजलं असेल तर आता खरं कोडं ऐका. हे मला सगळ्यात आवडतं.

एन्झाइम बनवायला खर्च येतो. बुरशीला त्यासाठी नत्र लागतं, ऊर्जा लागते. म्हणून समोर तयार साखर असेल तर ती सेल्युलोजचं एन्झाइम बनवणं बंद करते. समोर पेंढा असेल तरच बनवते. पण समोर पेंढा आहे हे तिला कळतं कसं? तिला डोळे नाहीत. सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, त्याचा तंतू एवढा मोठा की धाग्याच्या आत शिरायचा प्रश्नच नाही. तो आत आल्याशिवाय आतल्या यंत्रणेला खबर नाही, आणि त्याला आत आणायचा तर आधी तोडायला एन्झाइम हवं.

उत्तर असं, की बुरशी एन्झाइमचा कारखाना कधीच पुरता बंद करत नाही. अगदी थोडं, नाममात्र एन्झाइम ती कायम बनवत राहते. तिच्या बीजाणूंच्या अंगावरही ते असतं. समोर सेल्युलोज असेल तर एवढ्याशा एन्झाइमानंही त्याचे थोडे तुकडे पडतात. त्यातून सोफोरोज नावाची एक आगळी साखर तयार होते. ग्लुकोजचे दोनच कण, पण तिसऱ्याच पद्धतीनं जोडलेले. ती आत शिरली की बुरशीला खबर लागते, आणि मग एन्झाइमचा पूर येतो.

सोफोरोजचा शोध लागला तोही ऐकण्यासारखा. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत बुरशीला शुद्ध म्हणून विकत आणलेलं ग्लुकोज दिलं, तरी ती सेल्युलोजचं एन्झाइम बनवू लागली. हे तर नियमाच्या उलट झालं. त्यांनी बाटलीतल्या ग्लुकोजचाच माग काढला, आणि त्यात चिमूटभर भेसळ निघाली ती सोफोरोजची. १९६२ साली मेरी मँडेल्स, पॅरिश आणि एल्विन रीझ यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. बाटलीतल्या मळाकडे दुर्लक्ष केलं असतं तर केवढी गोष्ट हातची गेली असती!

हे रीझ म्हणजे या शास्त्रातले वडीलधारे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर अमेरिकी फौजेचे तंबू, गणवेश, पट्टे भराभर कुजायला लागले. सगळा माल सुती, आणि कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. फौजेनं कुजक्या कापडाचे नमुने गोळा करून त्यांवरच्या बुरश्या वेगळ्या करायला शास्त्रज्ञ बसवले. सॉलोमन द्वीपमालेतल्या बोगनव्हिल बेटावरच्या तंबूच्या कापडावर एक हिरव्या बीजाणूंची बुरशी सापडली. (आपल्या फाटकावरची बोगनवेल ज्या दर्यावर्द्याच्या नावाची, त्याच्याच नावाचं हे बेट.) नमुन्याला नाव पडलं क्यूएम ६ए. शोध चालला होता बुरशीला मारण्याचा. रीझ आणि मँडेल्स यांनी मात्र उलटा विचार केला: ही तंबू खाते, तर तिच्याकडून टाकाऊ काडीकचरा का खाऊन घेऊ नये? १९७७ साली त्या बुरशीचं नाव रीझ यांच्यावरून ट्रायकोडर्मा रीझी असं ठेवलं. आज जगभरच्या कारखान्यांत सेल्युलोजची एन्झाइमं बनवणारे तिचे जे वाण आहेत, ते सगळे त्या एका तंबूवरच्या बुरशीचे वंशज. सुधारलेले वाण लिटरमागे १०० ग्रॅमपर्यंत प्रथिन बाहेर टाकतात.

ट्रायकोडर्मा हे नाव तू आपल्या कोठीतल्या पुडीवर वाचलंयस, होय ना? रोपांना मर लागू नये म्हणून आपण शेणखतात मिसळतो, ती तिचीच भावकी.

आता पुण्यात या. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, एनसीएल. तिथे १९५१ पासून उद्योगाला उपयोगी पडणाऱ्या सूक्ष्मजीवांचा संग्रह राखलेला आहे. हजारो वाण, प्रत्येकाला क्रमांक. त्यात ११७१ क्रमांकाची एक बुरशी आहे, पेनिसिलियम जॅन्थिनेलम. पेनिसिलिन ज्या कुळातून मिळालं त्याच कुळातली. दिगंबर गोखले, मुकुंद आडसूळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा वाण सुधारायला घेतला. बीजाणू एका रसायनात २४ तास ठेवले, मग त्यांच्यावर ३ मिनिटं अतिनील किरण सोडले. यातून बहुतेक मरतात. जे जगतात त्यांच्यात काही ना काही बदल झालेला असतो. पण हजारोंतून कामाचा कोणता हे ओळखायचं कसं?

सेल्युलोज मिसळून पांढुरकी केलेली, जेलीसारख्या आगरची बशी घ्यायची आणि तिच्यावर बुरशीचा ठिपका ठेवायचा. बुरशी एन्झाइम सोडते तसं तिच्याभोवतीचं सेल्युलोज विरघळतं आणि एक पारदर्शक कडं उमटतं. कडं जितकं रुंद, तितकं एन्झाइम जोमदार. पुढची युक्ती तर फारच सुंदर. काही बश्यांत त्यांनी डीऑक्सिग्लुकोज नावाची फसवी साखर घातली. बुरशीला वाटतं, समोर साखर आहे. ती एन्झाइम बनवणं थांबवते. पण ही साखर तिच्या पोषणाला येत नाही, म्हणून ती उपाशी राहते. अशा बशीतही जो वाण झपाट्यानं वाढतो, तो साखर दिसली म्हणून हात आखडता घेत नाही. मघाशी सांगितलेली बुरशीची काटकसर त्यांनी अशी मोडून काढली. २००७ साली त्यांचा लेख आला. नवे वाण मूळ वाणाच्या जवळजवळ दुप्पट एन्झाइम देत होते. आणि त्यांना खायला काय घातलं होतं? सेल्युलोजची भुकटी आणि अडीच टक्के गव्हाचा कोंडा. शुद्ध साखर दिली तर ही बुरशी आळशी होते. तिला कोंडा, तूस, काड, उसाचा चोथा लागतो. आपल्याला जो टाकाऊ माल वाटतो तो तिचं अन्नही आहे आणि एन्झाइम बनव असं सांगणारी खूणही. म्हणून शेतातल्या कचऱ्यावरच ही एन्झाइमं उत्तम बनतात.

एन्झाइमची ताकद मोजायची रीत तुम्हाला आवडेल. गाळण कागदाची १ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर लांब पट्टी कापायची. तिचं वजन सुमारे ५० मिलिग्रॅम भरतं. ती गुंडाळी करून परीक्षानळीत टाकायची, एन्झाइमचं पाणी घालायचं, आणि ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात बरोबर एक तास ठेवायची. मग त्यात एक पिवळं रसायन घालून उकळायचं. कागदातून साखर सुटली असेल तर पिवळा रंग नारिंगी होतो, पुढे विटकरी. रंग जितका गडद तितकी साखर जास्त. कागदाची साखर झालेली डोळ्यांनी दिसते! साऱ्या जगात ही मोजणी एकाच पद्धतीनं व्हावी म्हणून १९८७ साली जी रीत छापली गेली, ती दिल्लीच्या आयआयटीतले तरुणकुमार घोष यांनी लिहिली आहे.

एन्झाइम बनवायचे मार्ग दोन. एक पातळ रसातला, मोठ्या पोलादी टाक्यांत हवा घुसवून. दुसरा मला जास्त भावतो, कारण तो निसर्गातल्या कुजण्याच्या जवळचा. कोंडा ओला करायचा, पण पाणी निथळू द्यायचं नाही. वाफवून निर्जंतुक करायचा, थंड झाला की बीजाणू शिंपडायचे आणि पसरट ताटांत पातळ थर द्यायचा. थर जाड झाला तर वाढणाऱ्या बुरशीच्या उष्णतेनं ती स्वतःच भाजून निघते. काही दिवसांत कोंडा पांढऱ्या धाग्यांनी बांधला जाऊन त्याची वडी होते. मग ती पाण्यात कुस्करून गाळायची. गाळलेलं तपकिरी पाणी म्हणजे एन्झाइम. जपानच्या जोकिची ताकामिने यांनी १८९४ साली अमेरिकेत गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवून काढलेल्या एन्झाइमचं पेटंट मिळवलं, ते याच वाटेनं. आजीच्या पाचक औषधाच्या बाटलीवर ‘फंगल डायस्टेज’ असं लिहिलेलं असतं. वाचून बघा. फंगल म्हणजे बुरशीचं.

आता आपल्या गावाकडे. पिरंगुटच्या पुढे उरवड्याला प्राज मॅट्रिक्स म्हणून संशोधन केंद्र आहे. प्रमोद चौधरी यांनी पुण्यात उभ्या केलेल्या प्राज इंडस्ट्रीजचं ते केंद्र. पेंढा, चोथा, कडबा यांच्यापासून इथेनॉल करायची पद्धत तिथे बसवली गेली. पानिपत म्हटलं की मराठी माणसाच्या मनात १७६१ उभं राहतं. उरवड्याची ही विद्या त्याच पानिपतला गेली आहे. तिथे इंडियन ऑइलचा पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी देशाला अर्पण झाला. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताचा पेंढा आणि त्यातून ३ कोटी लिटर इथेनॉल, असा त्याचा आराखडा. हरियाणा-पंजाबात भात निघाल्यावर गव्हासाठी रान मोकळं करायला जेमतेम काही आठवडे असतात, म्हणून तिथे पेंढा पेटवतात आणि त्याचा धूर दिल्लीपर्यंत जातो. तोच पेंढा कारखान्यात आधी वाफेच्या दाबाखाली शिजवतात, म्हणजे लिग्निनचा लेप सैल होतो. मग एन्झाइमं साखर सोडवतात, आणि ती साखर यीस्ट आंबवतं.

सांगायला सोपं, करायला फार कठीण. सेल्युलोजला स्टार्चपेक्षा कितीतरी पट जास्त एन्झाइम लागतं, तो खर्च डोईजड होतो. हेमिसेल्युलोजमधली झायलोज नावाची साखर साध्या यीस्टला खाता येत नाही, तिच्यासाठी वेगळं यीस्ट घडवावं लागतं. पेंढ्यातली सिलिका यंत्रांची पाती झिजवते. आणि पेंढा निघतो वर्षातून महिनाभर, कारखाना चालतो बारा महिने. तोवर तो कोरडा राखावा लागतो, नाहीतर रानातली बुरशी साखर आधीच फस्त करते. या अडचणींशी झगडणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आपल्या मुळशीत पेंढा कुणी जाळत नाही, तो गुरांचा चारा आहे, आणि आंबेमोहराचा पेंढा तर गुरं आवडीनं खातात. तो हिरावून कारखान्याला द्यावा असं मी कधीच म्हणणार नाही. आपल्याकडे जळतं ते उसाचं पाचट. कासारसाईकडच्या उसाच्या पट्ट्यात तोडणीनंतर रानं पेटलेली तुम्ही पाहिली आहेत. ते थांबवता येतं. पाचट सरीत दाबायचं आणि टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं संवर्धक टाकायचं, अशी शिफारस आहे. युरिया कशाला? पाचटात नत्र अगदी कमी असतं, आणि एन्झाइम हे प्रथिन असल्यामुळे नत्राशिवाय बनत नाही. बुरशीला नत्र दिलं की ती कामाला लागते.

काय रे, गाईचं विचारतोस? तिला पेंढा पचतो तो कसा?

गाईच्या शरीरातही सेल्युलोज तोडणारं एन्झाइम बनत नाही. तिच्या पहिल्या मोठ्या पोटात जिवाणू असतात, ते तिच्यासाठी हे काम करतात, एवढं बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. तिथे शेपटी हलवत पोहणारे काही बारीक जीवही दिसायचे. त्यांना सगळे एकपेशीय प्राणी समजत. कारण हवेशिवाय जगणारी बुरशी असूच शकत नाही अशी ठाम समजूत होती. १९७५ साली इंग्लंडमध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी मेंढीच्या पोटातले ते जीव नीट वाढवून पाहिले, आणि ते बुरशीचे पोहणारे बीजाणू निघाले. पोहत जाऊन ते काडीच्या तुटक्या कडेला चिकटतात, मुळांसारखे धागे काडीत खुपसतात, तिला आतून फोडतात आणि फटीत एन्झाइमं सोडतात. एन्झाइम आणि अंगमेहनत, दोन्ही. लिग्निनचा लेप असलेल्या कडक काडीत जिवाणूंच्या आधी वाट काढते ती ही बुरशी.

तिला वाढवणं मात्र जिकिरीचं. हवेतला ऑक्सिजन तिला सोसत नाही, म्हणून हवा काढून कार्बन डायऑक्साइड भरलेल्या, बूच घट्ट लावलेल्या बाटल्यांत ती वाढवावी लागते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या बुरशीवर काम चालतं. एवढी नाजूक असूनही ती एका गाईकडून दुसरीकडे पोहोचते. तिचं एक टणक रूप वाळलेल्या शेणात महिनोन्महिने तग धरतं, आणि शास्त्रज्ञांनी सुक्या शेणातून तिला पुन्हा जिवंत वाढवलेलं आहे.